परक्या रुळावरचे वेंकोबाराव

मी आयुष्यात एकदाच आगगाडीच्या इंजिनाला साष्टांग नमस्कार घातला आहे, आणि तोही भर रस्त्यात, अंगात कचेरीचा कोट असताना.

झालं असं. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घोडागाडी थांबली आणि तीतून वेंकोबाराव उतरले. स्वामीमलैहून आले होते. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, आणि दोन्ही हातांत पिवळ्या रेशमी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं छातीशी धरलेलं. आता स्वामीमलैहून पिवळ्या फडक्यात गुंडाळून माणूस काय आणतो, हे कुंभकोणमात कुणाला सांगावं लागत नाही. तिथल्या ओतशाळेतली पंचधातूची मूर्ती. मी वहाणा भिरकावल्या आणि सरळ आडवा झालो. मला पाहून मागून येणारा गवळी चरवी खाली ठेवून आडवा झाला. समोरच्या घरातली सून ‘थांबा, थांबा’ म्हणत निरांजन आणायला आत पळाली.

‘उठा, नाणा,’ वरून वेंकोबारावांचा आवाज आला. ‘देव नव्हे तें.’

‘मग काय तें?’ मी धुळीतूनच विचारलं.

‘इंजिन.’

फडकं उघडलं. आत हातभर लांबीचं, पिवळंधमक, धुराड्यासकट आगगाडीचं इंजिन होतं. गवळी उठला आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुधात पाणी वाढलं अशी माझी समजूत आहे. सून तोवर निरांजन घेऊन आलीच होती. ‘आतां वात लावलीच आहे,’ ती म्हणाली आणि इंजिनाला ओवाळून मोकळी झाली.

वेंकोबाराव आणि मी रजिस्ट्रार कचेरीत शेजारच्या मेजांवर दस्तांच्या नकला उतरवायला बसत असू. ‘बसत असू’ हे माझ्यापुरतं खरं. मला बसण्याची देणगी आहे; एकदा बसलो की उठवायला शिपाई लागतो. वेंकोबाराव खुर्चीला नुसते टेकत. एक पाय वहाणेत, एक बाहेर, छत्री मांडीला लावलेली. उपरणं खांद्यावरून कधी खुंटीवर गेलं नाही. नवख्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ कुणाला तरी निरोप सांगायला आले आहेत आणि आता निघतील. असे ते त्या खुर्चीवर अर्धं आयुष्य निघण्याच्या बेतात होते.

थोडा दोष त्या कामाचाही असेल. प्रत्येक खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा उतरावी लागे. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस कालवा, दक्षिणेस देवळाची जमीन, उत्तरेस गाडीवाट. वेंकोबाराव टाक खाली ठेवून म्हणत, ‘दिवसभर चहूंकडून कुंपण लिहितों, नाणा. संध्याकाळीं त्यांतून बाहेर पडल्यावांचून मज अन्न जात नाही.’ आणि कचेरी सुटली की ते खरोखरच सुटत. कधी कावेरीच्या पुलावर दिसत, कधी स्टेशनावर, कधी नुसतेच कुठल्यातरी रस्त्यानं छत्री झुलवीत भराभर चाललेले. बायको तरुणपणीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरी वाट पाहायला कुणी नव्हतं, आणि म्हणून घरी जायची घाईही नव्हती.

आम्ही तंजावरकडचे मराठी लोक घराबाहेर सारा व्यवहार तमिळमध्ये करतो, पण विठोबाशी मराठीतच बोलतो. पुण्याकडचे पाहुणे तिला पणज्याची भाषा म्हणून हसतात. दर एकादशीला मठात भजन होई. तिथं वेंकोबारावांच्या हाती टाळ आला की अभंग पहिल्या चरणाला पायी चाले, दुसऱ्याला बैलगाडीत बसे आणि तिसऱ्याला त्याची आगगाडी होई. म्हातारे बुवा धापा टाकू लागत. एकदा मृदंगवाला मध्येच थांबला आणि मनगट चोळत म्हणाला, ‘स्वामी, मी पुढल्या स्टेशनास उतरतों.’ बुवांनी वेंकोबारावांच्या हातून टाळ काढून घेतला.

‘वेंकोबा, देव काय पळून चालला आहे?’

‘देव नव्हे, बुवा. मी,’ वेंकोबाराव म्हणाले.

इंजिनाचं वेड लागलं ते वल्लमला. तंजावरपलीकडे वल्लमच्या माळावर गोऱ्या अंमलदारांचे बंगले होते. तिथं कालव्यांच्या खात्यातला एक साहेब राहत असे. एकटा, लाल तोंडाचा, बोलायला मोकळा. कसल्याशा दस्तावर त्याची सही आणायला कचेरीनं वेंकोबारावांना धाडलं. पाहतात तर बंगल्यामागच्या बागेत साहेब गवतात पालथा पडलेला, आणि झुडपांमधून, दगडी बोगद्यातून, टीचभर पुलावरून वाफ सोडत एक छोटी आगगाडी धावते आहे. खरे रूळ, खरी वाफ, खरी शिट्टी. उंची मात्र नडगीलाही न पोहोचणारी. वेंकोबाराव संध्याकाळपर्यंत तिथं उभे राहिले. परत आले तेव्हा दस्तावर सही नव्हती. रजिस्ट्रारनं विचारलं, तर म्हणाले, ‘साहेब रिकामे नव्हते.’

मग आपलंही एक इंजिन हवं झालं. विलायतेहून मागवणं आमच्या कल्पनेतही बसत नव्हतं. पण धातूचं काम म्हणजे स्वामीमलै, ही आमच्याकडची पिढीजात समजूत. तिथले स्थपती, म्हणजे मूर्ती घडवणारे, आधी मेणाचा देव करतात, त्यावर माती थापतात, मेण वितळवून काढतात आणि उरलेल्या पोकळीत धातू ओततात. नटराज ओतणाऱ्याला चाक ओतणं काय जड, असं वेंकोबारावांचं म्हणणं. त्यांनी एका वृद्ध स्थपतींना गाठलं. स्थपतींनी सारं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ह्याचं ध्यान कसं? बसलेलं की उभं?’

‘धावतं,’ वेंकोबाराव म्हणाले.

स्थपतींनी बराच वेळ डोळे मिटले. अशा ध्यानाचा श्लोक आठवत नाही म्हणाले. पण काम घेतलं.

पहिल्यांदा बॉयलर आला तो भरीव. ‘आम्ही पोकळ ओतत नाही,’ स्थपती शांतपणे म्हणाले. ‘पोकळ मूर्ती पूजेला चालत नाही.’ भरीव बॉयलरमध्ये पाणी कुठं भरायचं, हा प्रश्न शास्त्रात नव्हता. शेवटी कुंभकोणमातल्या एका तांबटाकडून, जो एरवी कॉफीची भांडी करी, तांब्याच्या पत्र्याचा बॉयलर करून घेतला. भरीव होता तो माझ्या बायकोनं, सीतेनं, मागून घेतला. आमच्या घरी अजून त्यानं सुंठ कुटतात.

चाकांचं मात्र निस्तरण्यासारखं राहिलं नाही. स्थपती माप घेतात ते नारळाच्या झावळीच्या पातीनं. हिरवी पात घ्यायची, तिला घड्या घालायच्या आणि त्या घड्यांवरून नाक एवढं, तोंड एवढं, हात एवढा असा अख्खा देव मापायचा. ‘रुळांमधलं अंतर ह्यावर घेऊन या,’ म्हणून त्यांनी वेंकोबारावांना एक ओली पात दिली. वेंकोबाराव वल्लमला गेले, माळ्याला विडा देऊन रुळांवर पात आडवी धरली, नखानं खूण केली, आणि ऐन वैशाखात, उन्हातान्हातून, ती हातात उंच धरून परत आले. वाटेत पात वाळली, आखडली, मुडपली. मूर्तीचं ह्यानं काही बिघडलं नसतं. मूर्तीत सगळं आपसातच मापायचं असतं. पात आखडली तर नाकाबरोबर तोंडही आखडतं आणि देव सुबकच राहतो. इथं चाक स्वामीमलैला होतं आणि रूळ वल्लमला.

चाकं आली ती रुळांपेक्षा भाताच्या एका शिताएवढी आत. आणि आली आसासकट एकसंध, कारण हात वेगळा ओतून मग खांद्याला जोडायचा, हे स्थपतींना पापच वाटे. म्हणजे चाक सरकवून घ्यायचीही सोय नाही.

मी रस्त्यात लोटांगण घातलं ते हेच इंजिन. दुसऱ्याच दिवशी ते वल्लमला गेलं. साहेबाच्या रुळावर ठेवलं, आणि दोन रुळांच्या मध्ये अलगद उतरून बसलं, म्हैस तळ्यात बसते तसं. साहेब पोट धरून हसला. मग वेंकोबारावांचं तोंड पाहून त्यानं स्वतःच ते उचलून त्यांच्या हाती दिलं.

मी म्हटलं, वितळवून पुन्हा ओतून घ्या. स्थपती म्हणाले, दुसरं करून देतो, पण घडलेलं मोडणार नाही. वेंकोबाराव तर ते ऐकूनच घेईनात. ‘त्यानें काय केलें?’ ते म्हणत. त्यानं म्हणजे इंजिनानं.

‘मग परसांत आपलेच रूळ घाला,’ मी म्हटलं. ‘त्याच्या मापाचे. दोन लोखंडी पट्ट्या, खालीं चार फळ्या. झालें.’

‘आपल्या चाकाच्या मापानें रूळ आपणच घालायचा, मग त्यावरून जाण्यांत जाणें काय राहिलें, नाणा? ती घरांतल्या घरांत येरझार. रूळ दुसऱ्याचा पाहिजे.’

ह्यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता. ज्याच्या बागेत असा रूळ असेल असं कानावर येई, तिथं ते निघत. इंजिन फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी खांद्याला. गोऱ्या गिरणीवाल्यांच्या बागा, एका शौकीन वकिलाचं परस, नागपट्टणमकडच्या एका पाद्रीसाहेबाचं अंगण. सोबतीला बहुधा मी. कारण सीतेचं म्हणणं, घरी बसून बसून माझा लोड होत चालला आहे. वेंकोबाराव दुसऱ्याच्या गाडीकडे फारसं पाहत नसत. ते रुळांबरोबर वाकून चालत आणि यजमानाला एकच विचारत: ‘ही कुठं जाते?’ मग परवानगी घेऊन आपलं इंजिन रुळावर ठेवत. कुठं ते आत पडे, कुठं वर तरंगे. वेंकोबाराव ते उचलून फडक्यात घेत आणि हळूच म्हणत, ‘हा नव्हे.’ मुलीसाठी स्थळं पाहत हिंडणारा बाप दारातून बाहेर पडताना असंच म्हणतो.

तिरुविसनल्लूरच्या बाजूला एक मिरासदार होते; भात, केळी, नारळ, जिकडे पाहावं तिकडे त्यांचंच. त्यांनी हौसेनं तळ्याभोवती छोटी आगगाडी घातली होती. आम्ही पोहोचलो तर स्वारी झोपाळ्यावर पान लावत होती.

‘या, बसा. पण आत्ता राहुकाळ लागलाय. गाडी सुटायची नाही.’

‘खरी आगगाडी तर राहुकाळातही सुटते,’ वेंकोबाराव म्हणाले.

‘म्हणूनच ती वेळेवर पोहोचत नाही,’ मिरासदार म्हणाले आणि चुना लावू लागले.

मी आनंदानं बसलो. मला राहुकाळ नेहमीच सोसतो. वेंकोबाराव मात्र ओसरीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत आणि परत असे सुरू झाले. पिशवी खांद्यावरच. मिरासदारांची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरू लागली, पान तसंच हातात राहिलं. अखेर ते माझ्याकडे वळून काकुळतीनं म्हणाले, ‘ह्यांना बसवा हो. मी झोपाळ्यावर बसलोय, पण घेरी ह्यांच्यामुळं येतेय.’

राहुकाळ सरला, चावी दिलेली गाडी निघाली, तळ्याला वळसा घालून आमच्या पुढ्यात येऊन थांबली. नोकरांनी टाळ्या वाजवल्या.

‘ही कुठं जाते?’ वेंकोबारावांनी विचारलं.

‘कुठं जाणार? गेली तशी इथंच येते.’

‘मग निघते कशाला?’

मिरासदारांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. आजवर त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

तिथला रूळ इतका रुंद होता की आमचं इंजिन त्याच्या मध्ये जत्रेत चुकल्यासारखं उभं राहिलं. ‘वाफ तरी दाखवा,’ मिरासदार म्हणाले. बॉयलर तापवायला दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट संपलं होतं, तेव्हा वेंकोबारावांनी बॉयलरखाली कापूर पेटवला. वाफ धरायला वेळ होता, पण कापराचा वास ओसरीभर झाला. आतून आचारी आला, त्यानं ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावले. मग बायका आल्या. मग पोरंटोरं. शेवटी मिरासदार स्वतः झोपाळ्यावरून उतरले, खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि हात पुढं केले. मी कुणाला हसणार? मी तर लोटांगण घालून चुकलो होतो.

परतताना बैलगाडीत मी म्हटलं, ‘वेंकोबाराव, इंजिन धावो न धावो, पूजा बरी चालते.’

ते हसले नाहीत. ‘पूजा झाली की तें बसलें, नाणा. मज तें बसलेलें नको.’ मग पिशवी सावरत म्हणाले, ‘एकदा धावावें. दुसऱ्याच्या रुळावर, आपल्या वाफेनें. नाही तर मी घडविलें तें काय? सुंठ कुटायचा बत्ताच ना?’

त्यांच्या तोंडून गाऱ्हाणं असं मी तेवढंच ऐकलं.

अशी काही वर्षं गेली. आमच्या टापूतल्या साऱ्या बागा होऊन गेल्या. आणि एक दिवस वल्लमच्या माळ्यानं कुणाकरवी सांगून पाठवलं, की साहेब नोकरी संपवून विलायतेला परत चालला आहे, बंगला दुसऱ्याला जाणार, रूळ उपटायला काढलेत.

वेंकोबारावांनी टाक ठेवला. ‘उद्यां चला.’

‘अहो, तो रूळ आपण ठेवून पाहिला आहे. शितभर चुकतो.’

‘तेव्हां चुकत होता. इतक्या वर्षांत उन्हानें, पावसानें जागचा हलला असेल. आणि इतर अस्के रूळ बोटबोट चुकले. शितभर चुकणारा हा एकच. तो उपटल्यावर मग मी कुठें ठेवूं?’ अस्के म्हणजे आमच्याकडे सगळे. मी रजेचा अर्ज लिहिला.

वल्लमला पोहोचलो तर अर्धी बाग उकरलेली. बोगद्याचे दगड एकीकडे, पूल दुसरीकडे. माळी आणि दोन मजूर पहारीनं रूळ उचकटत पुढं सरकत होते. साहेब एका खोक्यावर बसून चिरूट ओढत होता. पाहत होता असं नाही.

वेंकोबारावांचं सारं इंग्रजी खरेदीखतांतून शिकलेलं. ते साहेबापुढं उभे राहून जे बोलले त्याची मराठी अशी: ‘सदरहू इंजिन, सदरहू साहेबांच्या मालकीच्या सदरहू रुळांवर, शिल्लक असतील तितक्यांवर, कोणताही हक्क उत्पन्न न होता, एकवार ठेवण्यास संमती असावी.’

साहेबानं चिरूट काढला. ‘संमती आहे,’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘वंशपरंपरा.’

वेंकोबारावांनी उपटण्याच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ठेवलं, आत पडलं. दोन पावलं पुढं ठेवलं, आत पडलं. पुन्हा पुढं. तिकडून पहारी वाजत जवळ येत होत्या, इकडून हे वाकून वाकून पुढं चालले होते, आणि मधला रूळ कमी कमी होत होता. मी माळ्याला म्हटलं, ‘अरे, जरा दम घ्या.’ तो म्हणाला, ‘गाड्या भरायच्यात, सामी.’ मनात आलं, ओढून न्यावं ह्यांना इथून. पण हात धरायला जावं तर ते दोन पावलं पुढंच असत.

कोपऱ्यात एक मोठा फणस होता. रूळ त्याच्या बुंध्याला लागून वळत होता. वेंकोबाराव तिथं आले आणि थांबले. नुसते पाहत राहिले.

‘तिथं नको,’ साहेब खोक्यावरून ओरडला. ‘त्या जागेवर माझी एकूणएक गाडी घसरली आहे. त्या झाडाचं मूळ रूळ आत दाबतं. सरळ करावा, की पुन्हा दाबतं.’

वेंकोबारावांनी इंजिन ठेवलं. ते पडलं नाही.

त्यांनी बोटानं थोडं ढकललं. चाक रुळावरून फिरलं आणि रुळावरच राहिलं. पहारींचा आवाज थांबला. माळी पहार टेकून उभा होता. साहेब खोक्यावरून उठून आला आणि पूर्वीसारखा गवतात पालथा पडला, स्वच्छ विजारीसकट. वेंकोबारावांनी पाणी भरलं, कापूर ठेवला. काडी मी ओढली. बॉयलरमध्ये आधी कुजबुज झाली, मग खदखद. वेंकोबारावांनी छोटा दांडा ओढला, आणि इंजिन निघालं.

फणसाच्या मुळाला वळसा घालून, फुसफुस करत, जरा डुलत, आपल्या वाफेनं ते गेलं. एक माणूस आडवा झोपेल इतकं. मग मूळ संपलं, रूळ रुंदावला आणि इंजिन आत उतरून बसलं. चाकं हवेत फिरत राहिली.

वेंकोबाराव गवतात बसले. चांगली मांडी घालून, दोन्ही वहाणा काढून. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम भीती वाटली.

साहेबानं कपडे झटकले, घसा साफ केला. ‘हे सगळे रूळ घेऊन जा,’ तो म्हणाला. ‘भेट म्हणून. तुझ्या घरी नेऊन तुझ्या चाकाच्या मापानं घाल. रोज धावेल.’

मी वेंकोबारावांच्या कानाशी वाकलो. ‘घ्या हो. हात जोडतों. परसांत मी स्वतः खणून देतों.’ माझ्या खणण्याचं आश्वासन म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, तरी ते हसले नाहीत. त्यांनी उपटलेल्या एका रुळावर हात ठेवला, तो बोटांनी चाचपला, आणि बराच वेळ हात तिथंच राहिला. मला वाटलं, घेतले. मग त्यांनी हात काढला.

‘सदरहू देणगी,’ ते इंग्रजीत म्हणाले, ‘अत्यंत ऋणपूर्वक नामंजूर.’ आणि मला म्हणाले, ‘आहे, नाणा. ह्या मापाचा रूळ जगांत आहे. मी आजवर समजत होतों, चूक माझी. एका फणसास जें जमलें, तें कुणा माणसास कुठें तरी जमलेंच असेल.’

मी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तेव्हा साहेब चिरुटाचं टोक झाडून म्हणाला, की निलगिरीत एक म्हातारा चहामळेवाला आहे. त्याच्या बागेतला रूळ एका सुतारानं फुटपट्टी न लावता नुसत्या नजरेनं घातला आहे, आणि त्यावर विलायती गाडी एकही चालत नाही. साहेबाला ती थट्टा वाटत असावी. वेंकोबाराव तेवढ्यात वहाणा घालून उभे राहिले होते.

तंजावर स्टेशनावर मी दोघांची कुंभकोणमची तिकिटं काढली. वळून पाहतो तर वेंकोबाराव समोरच्या, तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या गाडीत.

‘अहो, ही नव्हे आपली गाडी!’

‘तुमची नव्हे.’

‘कचेरींत काय सांगूं?’

‘सांगा, उत्तरेस गाडीवाट होती, तीनें गेले.’

‘रजा संपली म्हणजे याल ना?’

शिट्टी झाली होती. डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीजवळच्या बाकावर त्यांनी पिशवी नीट टेकवून बसवली होती, तोंड बाहेरच्या बाजूला करून, आणि स्वतः दारात उभे होते, एका हातात छत्री, एका हातानं दांडा धरलेला, मान पुढं काढलेली. फलाट संपला तरी उभेच होते. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. पुढं कधी निलगिरीतून, कधी मलबाराकडून येणाऱ्या कुणाच्या तोंडून कळे, की पिवळ्या फडक्यात काहीतरी घेऊन हिंडणारा एक मराठी माणूस भेटला होता. मग तेही कळेनासं झालं.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी घरी पोहोचलो तर सीतेनं दोन केळीची पानं मांडली होती. रसवांगी, म्हणजे वांग्याची चिंच-डाळ घातलेली रसभाजी, केली होती. वेंकोबारावांना ती आवडे, आणि असल्या खेपेहून परतले की ते जेवून जात.

‘भावोजी कुठें?’ तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. साहेबाचे रूळ फुकट मिळत होते ते सोडले, हे तर दोनदा सांगितलं. तिनं मध्येच एवढंच विचारलं, ‘धावलें तें?’

‘धावलें. आडव्या माणसाइतकें.’

तिनं वाकून दुसरं पान उचललं आणि त्यावरचं पाणी निपटू लागली.

‘असूं दे तें पान,’ मी म्हटलं. ‘चार दिवसांत येतील. जातील कुठें?’

‘नाही यायचे आतां,’ सीता म्हणाली. ‘धावलें नसतें, तर जेवायला आले असते.’